मत्स्याची दुर्री

दावलभाई कागदी कधी कुणाच्या दारी जात नाहीत. कागद हवा असेल त्याने कागदीपुऱ्यात यावं, हाताने चाचपून घ्यावा, पटला तर न्यावा, नाहीतर पाटीवर लिहावं, असा त्यांचा खाक्या. त्यामुळे गेल्या महिन्यात एका सकाळी ते स्वतः खांद्यावर कागदाची चवड घेऊन माझ्या ओट्याशी उभे राहिले, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे मी ओळखलं. मी बोरू खाली ठेवला. ते म्हणाले, "पंत, हा सुभानजीचा कागद. आज न्यायला येणार होता... आता तुम्हीच ठेवून घ्या." काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाले, "काल दुपारी जेवून जरा पडला. उठलाच नाही." एवढं सांगून ते ओट्यावर टेकले आणि आम्ही दोघं बराच वेळ त्या चवडीकडे बघत बसलो. कागद चांगला होता. माझा हात सवयीने कोपरा चाचपायला गेला आणि मग माझी मलाच लाज वाटली.

माझा धंदा पोथ्या आणि बखरी उतरून देण्याचा. दुसऱ्याने लिहिलेलं जसंच्या तसं लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही. पोथी संपली की शेवटच्या पानावर दोन ओळी स्वतःच्या लिहायची आम्हाला मुभा असते, की बाबांनो, पाठ मोडली, डोळे गेले, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. चाळीस वर्षांत मी स्वतःचं म्हणून लिहिलं ते एवढंच. आज पहिल्यांदा पोथीला पुरवणीची पानं जोडतो आहे, आणि तीही सुभानजीच्याच कागदावर. ही पोथी ज्याच्या हाती जाईल त्याला सुभानजी चितारी ठाऊक असण्याचं काही कारण नाही. पण तो गंजिफा खेळत असेल, तर सुभानजीच्या हातची पानं त्याने कधी ना कधी पिसली असणार.

जे खेळत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. आमची गंजिफा म्हणजे एकशेवीस गोल पानं. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं: राजा, प्रधान, आणि पुढे एक्क्यापासून दहापर्यंत. मत्स्याच्या पानांवर मासे, परशुरामाच्या पानांवर परशू, असं सगळं ठरलेलं. तिघांनी खेळायचं, चाळीस-चाळीस पानं हातात धरायची, आणि दिवसाचा डाव असेल तर रामाने उघडायचा. राजे आणि प्रधान नीट काढले तर गिऱ्हाईक खूश होतं. दुर्री-तिर्रीकडे कोण बघतो...

आमची ओळख झाली ती माझ्या चुकांमुळे. मी तेव्हा पंचविशीत होतो. मागच्या खेपेच्या कागदावर शाई पसरते अशी तक्रार घेऊन मी दावलभाईंच्या अंगणात गेलो, तर तिथे माझ्याच वयाचा एक माणूस उकिडवा बसून रद्दीच्या ढिगातून पानं निवडत होता. पानं माझी होती. लिहिताना बिघडलेली देवादिकांची पानं मी नदीत सोडायचो आणि बखरींची वगैरे लगद्यासाठी दावलभाईंना द्यायचो. त्या माणसाने एक पान उन्हाकडे धरलं आणि मला विचारलं, "ही अक्षरं तुमची का?" मी म्हणालो, अक्षर माझं, मजकूर दुसऱ्याचा. "आणि चूक?" चूक माझी, मी म्हणालो. तो अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाला, "म्हणजे यात तुमचं स्वतःचं काय ते तेवढंच." दोन दिवस मी धुमसत होतो. तिसऱ्या दिवशी मी त्याला शोधत पुन्हा कागदीपुऱ्यात गेलो, कारण याला उत्तर काय द्यावं ते मला सुचत नव्हतं. आजही सुचलेलं नाही.

ती पानं त्याला हवी होती गंजिफेसाठी. गंजिफेचं पान एका कागदाचं होत नाही. चिंचोक्याच्या खळीने कागदावर कागद चिकटवत ते जाड करायचं, वर पांढऱ्या मातीचा हात द्यायचा, मग रंग, मग लाख, मग गुळगुळीत दगडाने घोटत बसायचं. आतल्या कागदावर काय लिहिलंय ते कुणी बघत नाही. तेव्हापासून माझी बिघडलेली पानं सुभानजीकडे जायला लागली. पुण्यातल्या कितीतरी गंजिफांच्या पोटात माझ्या चुका आहेत.

सुभानजी जातीने जीनगर. वाडवडील खोगिरं शिवायचे, हा चितारी झाला. पालख्यांचे दांडे रंगव, देवळाची भिंत कर, लग्नघरी दारावर गणपती काढ, अशी कामं मिळायची. चातुर्मासात लग्नं नसत, मग पुन्हा खोगिरं. त्याला खोगिरांचा मनस्वी कंटाळा होता. म्हणायचा, "घोडा काही बोलत नाही, पंत. चांगलं शिवलं तरी नाही, वाईट शिवलं तरी नाही." तो मला पंत म्हणे, अहोजाहो करी. मी त्याला अरेतुरे करायचो. वय दोघांचं सारखंच होतं. याचं तेव्हा कधी काही वाटलं नाही. आता लिहिताना वाटतं.

आम्ही तिघं दुपारची उन्हं कलली की दावलभाईंच्या अंगणात खेळायला बसायचो. पिण्याचं पाणी मी घरून तांब्यात न्यायचो. दावलभाई तांब्याकडे बघून म्हणत, "पंत, पाणी आपल्याच हौदाचं ना?" मी म्हणायचो, "पाणी हौदाचं, तांब्या माझा." खेळता खेळता वाद निघायचा, आणि तो बहुतेक वेळा सुभानजीच उकरून काढायचा. एखादं काम नुसतं काम कधी असतं आणि त्याच्या वर काही कधी होतं, हे त्याला खरोखर जाणून घ्यायचं असायचं. दावलभाई म्हणत, ज्याच्यावर लिहिताना कागदाची आठवण येत नाही तो कागद चांगला. मी म्हणे, माझंही तसंच, वाचणाऱ्याला अक्षर दिसता कामा नये, नुसता मजकूर दिसावा. सुभानजी जमिनीवर बोटाने रेघा ओढत ऐकायचा. मग म्हणायचा, "तुम्हा दोघांचं बरं आहे. तुम्ही दिसला नाहीत की काम चांगलं. चित्र दिसलं नाही तर मग काय राहिलं? चित्रावर माणूस थांबायला पाहिजे."

हे तपासून बघायला त्याने एकदा दोन गणपती काढले. एक रीतीप्रमाणे, एक त्याच्या मनाप्रमाणे. दोन्ही दावलभाईंच्या कागद वाळवायच्या दोरीवर अडकवले आणि रस्त्याने जाणारा कुणी कशावर थांबतो ते आम्ही तिघं भिंतीआडून बघत बसलो. भाजीवाली थांबली ती टोपली डोक्यावरून उतरवायला. एक शिपाई थांबला, त्याला वाटलं इथे गणपती विकत मिळतात. शेवटी दावलभाईंची शेळी आली आणि तिने आधी रीतीचा खाल्ला, मग दुसरा. दावलभाई म्हणाले, "हिला दोन्ही पसंत." सुभानजी मात्र तेवढ्यावर सोडणारा नव्हता. तिने आधी रीतीचाच का घेतला, यावर तो दोन दिवस विचार करत होता.

एकदा मी त्याला एका शास्त्रीबुवांकडे घेऊन गेलो. त्यांच्या पोथ्या मी उतरवायचो. शास्त्रीबुवा ओसरीवर, मी पायरीवर, सुभानजी अंगणात. त्याने हात जोडून विचारलं की कला कशाला म्हणायचं. शास्त्रीबुवा म्हणाले, कला चौसष्ट, त्यात चित्र आहे, द्यूतही आहे. सुभानजीने जरा विचार करून विचारलं, "म्हणजे महाराज, चित्र काढणं ही कला आणि जुगार खेळणं हीही कला. मग जुगाराची चित्रं काढणारा कुठे बसतो?" शास्त्रीबुवा पोथीतून डोकं वर न काढता म्हणाले, "अंगणात." परतीच्या वाटेवर सुभानजी सारखा हसत होता, पार कसब्यापर्यंत. मीही हसलो होतो. आज तो प्रसंग आठवला की मला तेवढं हसू येत नाही.

मग ते मोठं काम आलं. एका सरदारांच्या कारभाऱ्याने वाड्यासाठी नवी गंजिफा सांगितली, आणि धनी खूश झाले तर वाड्यावर कायमची नेमणूक देतो म्हणाला. महिन्याचं वेतन, वर्षाचं धान्य. सुभानजीच्या घरात तेव्हा गजरावहिनी, दोन लहान मुली आणि खाट धरलेली आई होती. ही नेमणूक मिळाली असती तर खोगिरं कायमची सुटणार होती, आणि हुकली तर पुढच्या चातुर्मासात पुन्हा सुई-दाभण हातात. त्याने चार महिने दुसरं काही केलं नाही. राजे, प्रधान सगळे रीतीप्रमाणे काढले, सोन्याचा वर्ख लावला, कुठे बोट ठेवायला जागा नाही. किरकोळ पानंही उरकली. शेवटी मत्स्याची पानं राहिली, आणि याच्या मनात आलं की आपण इतके मासे काढतो, पण मासा नीट बघितलाय कधी? वारज्याला मुठेच्या काठी त्याच्या ओळखीचे भोई होते. तिथे जाऊन तो तीन दिवस उथळ पाण्यापाशी बसला. गजरावहिनी माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "भावजी, ह्यांना काही झालंय का? मासे आणायला गेले म्हणतात, आणि येतात रिकाम्या हाताने."

चौथ्या दिवशी त्याने दुर्री काढली. दोन मासे. एक पुढे निघालेला, दुसरा त्याच्या मागे वळता वळता. बस, एवढंच. बाकीची मत्स्याची पानं त्याने नेहमीसारखीच उरकली, कारण मुदत भरत आली होती. नवी गंजिफा देण्याआधी तीन डाव खेळून पानं मोकळी करायची त्याची पद्धत होती. तसे आम्ही बसलो. दुसऱ्या डावात ते पान माझ्याकडे आलं. मी पानं लावत होतो, लावता लावता हात थांबला... तो मागचा मासा आत्ता वळेल, असं वाटत होतं. किती वेळ गेला मला ठाऊक नाही. दावलभाई म्हणाले, "पंतांकडे मासे आले." आम्ही तिघंही हसलो. पुढच्या डावात ते दावलभाईंकडे गेलं आणि मी तेच म्हणालो. तेव्हाच आम्हाला कळायला हवं होतं. तिघं जाणते खेळणारे, पण सुभानजीच्या कौतुकात इतके दंग की समोर काय चाललंय ते एकाच्याही लक्षात आलं नाही.

आठ दिवसांनी कारभारी सुभानजीच्या पडवीत आला. मी तिथेच होतो. त्याने दुशेल्यातून एकच पान काढलं आणि जाजमावर ठेवलं. "हे काय आहे?"

"मत्स्याची दुर्री, सरकार."

"ते दिसतं मला. हे पान हाती आलं की माणूस थांबतो. धाकटे धनी थांबले, पाहुणे थांबले. काल मी थांबलो, आणि समोरचा म्हणाला, कारभारी, मासे तुमच्याकडे. अरे, कोणतं पान कुणाकडे ते कळू नये म्हणून तर पाठी सारख्या करतात."

"पाठ सारखीच आहे, सरकार. घासून बघा."

"पाठ सारखी आहे. आमची तोंडं सारखी राहत नाहीत." मग तो उठला आणि जोडा घालता घालता म्हणाला, "तुला चित्र सांगितलं नव्हतं. गंजिफा सांगितली होती. पंधरा दिवसांत दुसरं पान दे, नेमणूक तुझीच आहे. हे ठेव तुझ्याकडे. वाड्यात नको."

मला वाटलं आता सुभानजी खचणार. तो तर उजळला होता. "पंत, कारभारी थांबला," तो म्हणाला, "कारभारी!" दिवसभर त्याला दुसरं काही सुचेना. संध्याकाळी तो माझ्याकडे एक विचार घेऊन आला, आणि अजूनही मला वाटतं की इतका सरळ आणि इतका वेडा विचार मी दुसऱ्या कुणाकडून ऐकला नाही. तो म्हणाला, एकाच पानावर थांबतात म्हणून कळतं ना? मग एकशेवीसही पानं तशीच केली तर? प्रत्येक पानावर थांबतील. मग कुणाकडे काय आहे ते कळणार कसं? खेळ पण राहील आणि चित्र पण. त्याला वर्ष लागणार होतं, कदाचित दोन. तो माझ्या तोंडाकडे बघत बसला होता. मी अक्षर ओळखणारा माणूस, मी काय म्हणतो याला त्याच्या लेखी किंमत होती. मी म्हणालो, "सुभानजी, घरात दोन पोरी आहेत. एका माशावर घर तरत असेल तर तो मासा मरू दे." त्याने ओट्यावर बोटाने एक रेघ ओढली. मग म्हणाला, "तुम्ही म्हणता तर..." आणि उठून गेला. हे तीन शब्द मी अठरा वर्षं उराशी घेऊन बसलो आहे.

पुढे आणखी पेच आला. त्याला मेलेला मासा काढता येईना. दहा-बारा दिवस तो काढत होता आणि पुसत होता. एक तर मासा जिवंत व्हायचा, नाहीतर इतका मुद्दाम वाईट व्हायचा की त्याच्यावरही माणूस थांबावा. मुदतीच्या आदल्या दिवशी तो जुन्या गंजिफेतली एक झिजलेली दुर्री आणि रंगाच्या वाट्या घेऊन माझ्या ओट्यावर आला. "पंत, तुम्ही काढा. बघून जसंच्या तसं उतरवण्यात तुमचा हात कुणी धरणार नाही." मी आयुष्यात कधी कुंचला धरला नव्हता. बोरू धरतात तसा धरला आणि त्या पानावरून दोन मासे उतरवले. मासे म्हणून ओळखू येत होते. सुभानजीने पान लांब धरून बघितलं, जवळ धरून बघितलं. "वा," तो म्हणाला, "याच्यावर कुणी थांबणार नाही." आणि हे तो मनापासून, कौतुकाने म्हणाला.

नेमणूक झाली. खोगिरं सुटली. अठरा वर्षं तो वाड्यासाठी आणि वाड्याच्या पैपाहुण्यांसाठी गंजिफा करत राहिला, त्याची पानं पुण्याबाहेरही गेली. सगुणा आणि धाकटी, दोन्ही मुली चांगल्या घरी पडल्या. आणि त्या प्रत्येक गंजिफेतली मत्स्याची दुर्री माझ्याकडे यायची. "हे पान तुमचं, पंत," म्हणायचा, "मी त्याला हात लावणार नाही." मला त्याचा अभिमान वाटायचा हे कबूल करतो. पोथीत जे कधी करायला मिळालं नाही ते या पानावर मिळत होतं. पण प्रत्येक वेळी कुंचला उचलताना मी चोरून त्याच्या नव्या पानांकडे बघायचो. पुन्हा तसं काही उतरलंय का? एखादा घोडा, एखादं कमळ... मला दिसलं नाही. काम नेटकं असायचं, देखणं असायचं. कुठे थांबावं असं काही नसायचं. त्याने हात आवरला होता की हात गेला होता, हे मला कधी कळलं नाही, आणि विचारायचं धाडस झालं नाही.

ते परत आलेलं पान मात्र आमच्याकडेच राहिलं. कुठे लाखेला चीर गेलेली, कुठे रंग फाटलेला, अशी खोडीची पानं जमवून सुभानजीने आम्हा तिघांसाठी एक गंजिफा केली होती, तिच्यात ही दुर्री घातली. सुरुवातीला रोज तीच गंमत. ज्याच्याकडे येई तो थांबे, बाकीचे दोघं ओरडत, मासे आले. मग वर्षभरात हळूहळू ते बंद पडलं. पान यायचं, जायचं, कुणाचा चेहरा हलत नसे. हे आधी सुभानजीच्याच लक्षात आलं. एक दिवस डाव मध्येच थांबवून त्याने ते पान मधोमध ठेवलं आणि म्हणाला, "मासा तोच आहे. आपण तेच आहोत. मग आता का थांबत नाही?" दावलभाई म्हणाले, मासा शिळा झाला. मी म्हणालो, आपल्याला पाठ झाला. त्याचं समाधान झालं नाही. "रंगात काही असतं तर ते अजून तिथेच असायला पाहिजे होतं," तो म्हणाला. "आणि तुमच्यात असतं, तर तुम्ही दुसऱ्या कुठल्या पानावरही थांबला असता. मग ते होतं कुठे? आणि गेलं कुठे?" या प्रश्नाचा त्याने पिच्छा सोडला नाही. वर्षातून दोन-चारदा तरी काढायचाच, आणि दर वेळी नव्याने काढल्यासारखा.

शेवटची भेट त्याच्या जाण्याआधी आठ दिवसांची. तो पडवीत पानं घोटत बसला होता. हात जरा कापायला लागले होते, पण दगड पानावर टेकला की कापरं थांबायचं. काय झालं कुणास ठाऊक, अठरा वर्षांचं माझ्या तोंडून निघून गेलं. मी विचारलं, "सुभानजी, तेव्हा मी तुला ती एकशेवीस पानं करू दिली असती तर?" तो घोटत राहिला. मग म्हणाला, "काय झालं असतं ते मला पण बघायचं होतं, पंत. कदाचित कुणी खेळलंच नसतं, नुसते बघत बसले असते. कदाचित दहा दिवसांत शिळी झाली असती सगळी." पान उलटं करून त्याने पाठ घोटायला घेतली. "पण पोरी दोन वेळा पोटभर जेवल्या, ते मी बघितलं. ते पण बघण्यासारखंच होतं." राग आहे का, असं मी विचारलं. "राग कसला? उत्तर मिळालं नाही, एवढंच." निघताना म्हणाला, दावलभाईंना चांगला कागद सांगून ठेवलाय, मोठे ताव. मला नवल वाटलं. गंजिफेला तर माझी रद्दी लागते, चांगला कागद कशाला? विचारीन पुढच्या वेळी, असं म्हणून मी घरी आलो.

दिवस-वार झाल्यावर दावलभाई आणि मी भेटायला गेलो. गजरावहिनी आत होत्या. सगुणा माहेरी आलेली होती. लहानपणी बापाच्या शेजारी बसून पानं घोटणारी ही पोर, आता तिच्याच मुली तेवढ्या झाल्यात. थोड्या वेळाने ती आतून आमची पेटी घेऊन आली आणि जाजमावर ठेवून म्हणाली, "काका, दोन डाव मांडा. पेटी बंद राहिली की पानं वाकतात. बाबा असते तर बोलले असते." दावलभाई म्हणाले, तिसरा कोण? ती पदर सावरून बापाच्या जागेवर बसली. गजरावहिनी दाराआडून काही बोलल्या नाहीत, म्हणजे त्यांची हरकत नव्हती.

पानं वाटली. दुपार होती, रामाचा राजा दावलभाईंकडे होता, त्यांनी डाव उघडायला हात उचलला. मी अजून माझी पानं लावत होतो. परशुरामाची बाजूला, वामनाची बाजूला, हातावर एकामागून एक... आणि एका पानाशी माझा हात थांबला. किती वर्षांनी. मागचा मासा वळता वळता तसाच होता, पुढचा तसाच निघालेला. लाख पिवळी पडली होती, कडेला आमच्या बोटांनी रंग गेला होता. हजार वेळा हातातून गेलेलं पान. मी वर बघितलं नाही. मला आत्ता कुणाला चेहरा दाखवायचा नव्हता.

दावलभाईंना आताशा हातातली पानंसुद्धा नीट दिसत नाहीत, डोळ्यांशी धरून बघावी लागतात. त्यांनी उचललेला हात तसाच ठेवला आणि हळूच म्हणाले, "पंतांकडे मासे आले."

कुणी हसलं नाही. थोड्या वेळाने सगुणा म्हणाली, "काका, खेळायचंय ना?" खेळायचं तर होतंच. पुढे कधीतरी मला ती दुर्री टाकावी लागली, कुणाच्या तरी दहाच्या पानाखाली गेली, आणि मी तो डाव हरलो.

घरी आल्यावर दावलभाईंनी दिलेल्या चवडीतले चार ताव कापले आणि लिहायला बसलो. उरलेला कागद उद्या सगुणाला नेऊन देणार आहे, तिच्या बापाला तो कशासाठी हवा होता ते तिने ठरवावं. मला एवढंच लिहायचं होतं की, सुभानजी, ते गेलं नव्हतं. कुठे होतं ते मला अजून कळलेलं नाही, पण आज तुमच्या पडवीत ते परत आलं, आणि मी थांबलो. हे तुम्हाला सांगायचं होतं, आणि ऐकून तुम्ही पुढचा प्रश्न काय विचारला असता, तोही ऐकायचा होता.